थोरलीला घाई चालत नाही

तात्याबांचं वाक्य सुरू झालं की कॉलेजातली पोरं चहाला जायची आणि परत येऊन क्रियापद ऐकायची. यात तिखटमीठ आहे, पण फार नाही. "आवं... काल सांच्याला काय झालं... मी आपला... निघालो हुतो..." एवढं होईपर्यंत ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात अपघात, भांडण, साप असं सगळं उरकून घेतलेलं असायचं, आणि शेवटी तात्याबा म्हणायचे, "...मेथी आणाय."

पोरांच्या प्रत्येक तुकडीत त्यांची नक्कल करणारा एक तरी निघायचाच. पण नुसतं थांबत थांबत बोललं की तात्याबा होतात असं समजणारे पहिल्याच वाक्याला पडायचे. थांबताना डावी भुवई किंचित वर जायला हवी आणि उजव्या हातानं हवेतली एक न दिसणारी चकती अगदी नखभर फिरवायला हवी. भुवई आणि चकती जमली, की बघणारे हसून लोळलेच.

त्यातली चकती खरी होती. सांगलीच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात धातू ओढून तोडायचं एक जुनं यंत्र होतं. उंच, हिरवं, तेलाच्या दाबावर चालणारं. कागदावर त्याचं नाव युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, पोरांच्या तोंडी यूटीएम, आणि तात्याबांच्या तोंडी थोरली. वर्कशॉपातल्या त्या प्रयोगशाळेत नंतर आलेली सगळी यंत्रं तिच्या धाकट्या जावा, असा त्यांचा हिशोब होता. काम सोपं. दोन्ही टोकांना जाड आणि मधे कंबर बारीक असा धातूचा तुकडा घ्यायचा. एक टोक वरच्या जबड्यात, एक खालच्या. मग चकती फिरवून तेल सोडायचं. वरचा जबडा वर सरकतो, तुकडा ताणला जातो, भिंतीवरच्या घड्याळाएवढ्या तबकडीवर काटा चढतो, आणि शेवटी तुकडा तुटतो. तुटलेले अर्धे जुळवून बघायचं, की मरण्याआधी हा किती लांब झाला. खूप ताणला तर धातू चिवट. न ताणताच गेला तर ठिसूळ.

हे यंत्र चालवणं हीच तात्याबांची नोकरी, आणि ते जसे बोलायचे तशीच ती चकती फिरवायचे. झोपलेलं पोर झोळीतून उचलावं तसं थोरली तुकड्याला उचलायची. नवीन पोरं कंटाळून विचारायची, तात्याबा, जरा जोरात सोडा की तेल. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "तुकड्याला... सांगाय येळ द्यावा रं." पोरं पुढं नोकऱ्यांना लागली, पोरांची पोरं झाली, तरी कुणी भेटलं की आधी हेच वाक्य म्हणून दाखवायचं, भुवईसकट.

घरी आक्काताईंना या संथपणाचा वेगळाच जाच होता. तात्याबा शाळेत असल्यापासून असेच, असं त्यांना सासूनं लग्नात सांगितलं होतं, पण तो विनोद असावा असं त्यांना वाटलं होतं. रहिमतपुराहून बिऱ्हाड हलवून सांगलीला आल्यावर शेजारणींना त्या सांगायच्या, "यांचं एक बोलणं हुईस्तवर माजी एक भाकरी थापून, भाजून, फुगून खाली उतरती." पण हे सांगताना त्यांचा आवाज असा काही मऊ व्हायचा की शेजारणींना तक्रार कसली ते कळायचं नाही.

तर अशा या तात्याबांच्या थोरलीवर एका पावसाळ्यात आळ आला.

झालं असं, की वडूजची दीक्षा त्या कॉलेजात पीएच.डी. करत होती. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मुलीचं नाव त्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून येता येता गाडीतच ठरवलेलं. दीक्षाच्या दोन भाषा होत्या. मार्गदर्शक देवदत्त सरांपुढे ती "मी पाहते, सर" म्हणायची आणि तिथून वीस पावलांवर थोरलीपाशी आली की "बघती की तात्याबा, दमा जरा." तिचा विषय होता लोखंड आणि ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू. साखर कारखान्याच्या बॉयलरमधले भाग आगीनं आणि धुरानं खाल्ले जातात. या धातूला ती आग आणि तो धूर फारसा बाधत नाही. महाग असं त्यात काही नाही. फक्त एक खोड. साध्या तापमानाला तो ठिसूळ वागतो, घडवताना तडकतो.

तात्याबांनी विचारलं होतं, की लोखंड चिवट, ॲल्युमिनियम मऊ, मग त्यांचं पोर असं तुसडं कसं? दीक्षानं त्यांना समजावलं, की बाकीच्या मिश्रधातूंत कण जत्रेतल्यासारखे कुठंही उभे असतात. यात तसं नाही. यात पंगत बसते. लोखंडाची जागा ठरलेली, ॲल्युमिनियमची ठरलेली, कुणी उठून दुसऱ्याच्या पाटावर बसायचं नाही. त्या शिस्तीमुळंच तो आगीत टिकतो.

तात्याबांनी विचार केला. भुवई वर गेली. "म्हंजे... लय शिस्तीचं घर. आन आशा घरात... माणसं... लवकर तुटत्यात."

दीक्षा हसली, पण तुकडे खरंच तुटत होते. तिनं बरणीभर रसायन वापरून ते आरशासारखे स्वच्छ केलेले असायचे, तात्याबा ते लगीनघरात नवरी आणावी तसे जबड्यात बसवायचे, चकती फिरायची, काटा चढायचा, आणि मग टक. साधं लोखंड तुटतं तेव्हा आधी त्याची कंबर बारीक होते, ते कुरकुरतं, जाताना दणका देतं. हे म्हणजे खारी मोडल्यासारखं. शंभर लांबीला तीन इतकंच ताणायचं आणि खलास.

देवदत्त सर हे विभागाचे प्रमुख, सांगलीतल्या गावभागातले, बोलायला घाईचे. त्यांच्या वाक्याच्या सुरुवातीला "म्हणजे काय, तर" असायचं आणि शेवटी "बरोबर?" कुणी उत्तर दिलं नाही तर तेच म्हणायचे, "बरोबर." दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचीही त्यांना सवय होती, आणि तात्याबांसारखं अर्धवट वाक्यांचं भांडार समोर असल्यावर तर त्यांना चेवच यायचा. तात्याबांनी "सर, मला वाटतं, थोरलीचं..." म्हणायचा अवकाश, की सर म्हणायचे, "तेल बदलायचंय, बदला, बरोबर." तात्याबांना बहुधा दुसरंच काही सांगायचं असायचं. पण ते तेल बदलून टाकायचे.

सरांनी त्याच ओतकामातले काही तुकडे साताऱ्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत न्यायला सांगितले. तिथं नवं, संगणकावर चालणारं यंत्र होतं आणि ते चालवायला कपिल नावाचा तिशीतला गडी. तात्याबा दीक्षाबरोबर मुद्दाम गेले. परक्या यंत्रापुढं आपले तुकडे एकटे कसे सोडायचे?

कपिल सगळे शब्द एकाला एक चिकटवून बोलायचा. "याबसापाणीघ्या, कुठायतुकडा, द्या." तुकडा जबड्यात गेला, कपिलनं बटण दाबलं. तात्याबा रीतीप्रमाणं यंत्राचं कौतुक करायला लागले होते. "पावणं... तुमचं मशीन..." टक. "...लय देखणं हाय."

"झालंझालं," कपिल म्हणाला, "पुढचा बोला."

परतीच्या गाडीत तात्याबांना कऱ्हाडला वाचा फुटली. मग म्हणाले, की माणूस वाईट न्हाई, पण तुकड्याला रामरामसुदिक घालू देत न्हाई. दीक्षाचं त्याकडं लक्ष नव्हतं. तिच्या मांडीवर साताऱ्याचे आकडे होते. तिथं तोच धातू शंभराला नऊ ताणला गेला होता.

सांगलीत तीन, साताऱ्यात नऊ. देवदत्त सरांनी निकाल द्यायला वेळ घेतला नाही. म्हणजे काय, तर धातू चांगला आहे, यंत्र म्हातारं झालंय, बरोबर? जबडे वाकडे धरत असतील, तुकड्याला पीळ बसत असेल. थोरली दिवाळीनंतर भंगारात काढायची आणि तिच्या जागी नवं यंत्र मागवायचं. तात्याबांना नोकरीची राहिलेली वर्षं परीक्षा विभागात काढता येतील, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला शांत माणूस हवाच असतो.

सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट तात्याबांच्या गुडघ्यांचा विचार केला म्हणून ते स्वतःवर जरा खूशच होते.

तात्याबांनी त्या दिवशी घरी काही सांगितलं नाही. आक्काताईंना तरी कळलं, कारण ते जेवताना भराभर बोलले. मीठ द्या म्हणाले, ताक द्या म्हणाले, पुरे म्हणाले, मधे कुठं थांबलेच नाहीत. आक्काताई ताट तसंच ठेवून त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काय झालंय ते नीट सांगा. हळू."

दुसऱ्या दिवसापासून तात्याबांनी थोरलीला उभीआडवी तपासली. ओळंबा लावून जबडे पाहिले, साधं लोखंड ओढून पाहिलं, पितळ ओढून पाहिलं. ती एकूण एक उत्तरं बरोबर देत होती. फक्त दीक्षाच्या धातूपाशी आली की तिची जीभ अडखळत होती. दीक्षालाही झोप नव्हती, कारण तिला वाटत होतं की थोरलीचं खरंय आणि खोट आपल्या ओतकामातच आहे. ती एकदा तसं म्हणाली. तात्याबा म्हणाले, "तुमचंबी खरं... आन थोरलीचंबी खरं. मग... खोटं कोण बोलतंय?" दीक्षाकडं त्या ओतकामातले फक्त तीन तुकडे उरले होते.

अशात नवरात्र आलं आणि खंडेनवमी उजाडली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कुणी प्राध्यापक नसतो आणि कुणी शिपाई नसतो, सगळे झेंडूच्या पाकळ्या झाडण्यात असतात. तात्याबांनी थोरलीला धुऊनपुसून हार घातला होता. पुढं पाटावर हातोडे, करवती, पाने, मोजपट्ट्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकाला ते हळदीकुंकवाचं बोट लावत होते आणि मग स्वच्छ तेलाचं. कुंकू मानाचं आणि तेल कामाचं, अशी त्यांची विभागणी. हे शेवटचं वर्ष, हे वर्कशॉपात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून नेहमीची थट्टा जरा बेतानं चालली होती.

दीक्षा दारापाशी उभी होती. ती पूजेत नसायची, पण पेढ्यांच्या वेळी असायची, आणि याबद्दल तिला कुणी काही म्हणायचं नाही. संध्याकाळच्या गाडीनं तिला वडूजला जायचं होतं. दसऱ्याच्या दीक्षाभूमीवरच्या मेळाव्याला वडील त्याच रात्री नागपूरला निघायचे. पण त्याआधी देवदत्त सरांनी एक तुकडा शेवटचा ओढायचं ठरवलं होतं. म्हणजे काय, तर यंत्रावर अन्याय झाला असं कुणी म्हणायला नको, बरोबर?

तो तुकडा तिनं घासूनपुसून टेबलावर ठेवला होता. तात्याबांचं कुंकवाचं बोट ओळीनं येत येत त्या तुकड्यावर आलं आणि हवेतच थांबलं. त्यांनी दीक्षाकडं पाहिलं.

"न्हाई लावत," ते म्हणाले. "तुमच्यात चालायचं न्हाई. पण... आज त्योबी कामाला लागणार. त्याला एकट्यालाच... कोरडं कसं ठेवायचं? तेल लावतो. तेलाला... कसला आलाय धरम."

आणि दीक्षा "तात्याबा, नको, स्वच्छ केलाय" म्हणेपर्यंत त्यांचं तेलाचं बोट तुकड्याच्या कंबरेभोवती फिरूनही गेलं. जबड्यात धरायची टोकं मात्र त्यांनी कोरडी सोडली. धंद्याचं भान सुटलं नव्हतं.

दीक्षाला कपाळावर हात मारावासा वाटला. पण ज्या माणसाचं यंत्र दिवाळीनंतर भंगारात जाणार, त्यानं तुमचं मन राखायला कुंकू टाळून तेल लावलं असेल, तर त्याला काय बोलणार? तिनं तुकडा तसाच जबड्यात बसवू दिला. तसाही तीनच देणार होता.

तात्याबांनी थोरलीच्या पायाला हात लावला आणि चकती धरली. शेवटची वेळ म्हणून असेल, त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही हळू होते. काटा चढत गेला. तीनची वेळ आली. गेली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. काटा चढतच होता. देवदत्त सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, तरी तुकडा होताच. शेवटी तो तुटला तेव्हा दीक्षानं अर्धे जुळवले, मोजले, परत मोजले.

"नऊच्या पुढं हाय," ती म्हणाली. सरांपुढं ती पहिल्यांदाच वडूजचं बोलली आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

सर म्हणाले, तुकडा जबड्यातून सरकला असेल, तेल लागलंय ना, बरोबर? दीक्षानं तुकड्याच्या कंबरेवर आधीच मारलेल्या दोन खुणा दाखवल्या. ती त्या खुणांमधलंच अंतर मोजत होती. तिथं सरकायचा प्रश्नच नव्हता. वर्कशॉपात एकच गलका झाला. कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला. तात्याबा थोरलीकडं बघत होते, आणि त्यांचे डोळे असे भरले होते की नक्कल करणाऱ्या पोरांनीही मान दुसरीकडं वळवली. "पावली," ते म्हणाले. एकच शब्द, न थांबता.

दीक्षा मात्र तुटलेला तुकडा हातात घेऊन बोटं चोळत होती. बोटांना तेल लागत होतं. मग ती तात्याबांना बाजूला घेऊन म्हणाली, की अजून एक ओढायचाय. आत्ताच. कोरडा.

तात्याबांना हे काही पटेना. आता कशाला? देवानं दिलं, सरांनी बघितलं, परत तोंड कशाला वेंगाडायचं? आणि कोरडा तीनलाच गेला तर?

"तीनलाच जाणार," दीक्षा म्हणाली. "जायलाच पायजे. आवं, सगळे तीन आन एकच नऊ आसंल, तर सर काय म्हणतील? थोरलीला मनाला येईल तसं बोलायची सवय लागली. मग तिला भंगारात घालायला आजूनच बरं."

हे तात्याबांना लागलं. यंत्र म्हातारं आहे म्हणणं वेगळं. यंत्र लहरी आहे म्हणणं त्यांना सहन होण्यातलं नव्हतं. पण त्यांना कारण हवं होतं, आणि दीक्षानं ते पेढ्यांच्या पुड्याशेजारी बसून सांगितलं. तिनं कधीकाळी वाचलं होतं, की हा धातू ओलाव्यानं ठिसूळ होतो. पण ओलावा म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं वाफ आली होती, पाण्याची टाकी आली होती. खोलीतल्या साध्या हवेचा संशयच आला नव्हता. सांगलीच्या हवेत कृष्णेचं पाणी बारा महिने असतं. धातू ताणला जातो तेव्हा त्याची नवी उघडी कातडी बाहेर येते. त्यातलं ॲल्युमिनियम ऑक्सिजनला हपापलेलं. ते हवेतल्या पाण्याला पकडतं आणि त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. मग पाण्यातला हायड्रोजन उरतो एकटा. तो एवढा बारका, की सरळ धातूच्या आत शिरतो आणि आतल्या पंगतीत शेजाऱ्याशेजाऱ्याचे धरलेले हात सोडवत सुटतो. तेलाचा हात फिरला की पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही.

तात्याबांनी हातातला पेढा पुड्यात परत ठेवला. "म्हंजे पावणा आला... त्याला आपुन धरून बसवला... आन त्याच्या संगं आलेलं कारटं... कुणाचं ध्यान न्हाई बघून आत शिरलं... आन कपबश्या फोडल्या."

"आगदी तेच."

"आन त्यो साताऱ्याचा? त्यानं कुटं तेल लावलं हुतं?"

हा प्रश्न दीक्षाला चढायची शेवटची पायरी होता. ती तात्याबांच्या उजव्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, की कपिलनं तेल लावलं नव्हतं, पण त्यानं दार उघडलं आणि लगेच लावलं. कारट्याला आत शिरायला वेळच मिळाला नाही. तुम्ही दार उघडं ठेवता, तात्याबा. तुम्ही तुकड्याला सांगायला वेळ देता, तो वेळ कारट्यालाही मिळतो.

तात्याबांनी आपल्या हाताकडं असं पाहिलं, जणू तो त्यांचा नसून कुणीतरी ठेवायला दिलाय.

दुसरा तुकडा कोरडा ओढला. आपल्या हातानं थोरलीच्या तोंडून तीन वदवून घ्यायचं, ही गोष्ट तात्याबांना जड गेली. तरी त्यांनी चकतीला घाई केली नाही. टक. तीन.

देवदत्त सर म्हणाले, "म्हणजे काय, तर," आणि पुढं त्यांना वाक्य मिळालं नाही. शेवटी त्यांनी रास्त तेच ठरवलं. उरलेला तिसरा तुकडा साताऱ्याच्या यंत्रावर, कोरडाच, पण तात्याबांच्या संथपणानं ओढायचा. तिथंही तीनच्या आसपास तुटला तर दोष यंत्राचा नाही, थोरली राहील. तिथं नऊ आले तर थोरली गेली.

तात्याबा दसऱ्याला रहिमतपूरला गावी गेले. आपट्याची पानं दिली, घेतली, लोकांनी सोन्यासारखं राहा म्हटलं. संध्याकाळी आक्काताईंनी विचारलं, की साताऱ्याला काय व्हावंसं वाटतंय? तात्याबा म्हणाले, मला कळंना. लोकांचे तुकडे लांबवर ताणले जावेत म्हणून माणूस देवाला हात जोडतो, आणि आपण मात्र पोरीचा तुकडा लवकर तुटावा म्हणून जोडायचे?

"जोडू नगा मग," आक्काताई म्हणाल्या. "जाऊन बघा नुसतं."

दुसऱ्या दिवशी वडुजाहून येणाऱ्या गाडीत दीक्षानं खिडकीत रुमाल टाकून त्यांची जागा धरली होती. तिसरा तुकडा तिनं पिशवीत नव्हे, हातात धरला होता.

साताऱ्यात कपिल तयार होता. त्यानं सगळं फोनवर ऐकलं होतं आणि त्याचा विश्वास बसला नव्हता. "स्लोम्हणजेकितीस्लो?" त्यानं विचारलं.

दीक्षानं आकडा सांगितला. कपिलनं तो संगणकात भरला आणि मग पडद्याकडं वाकून परत वाचला. यानं तर जेवणाची सुट्टी होईल, तो म्हणाला. त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणजे होत होतं, पण दिसत नव्हतं. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं चढत होती. कपिल उठला, बसला, खुर्ची फिरवली, मोबाइल काढला, ठेवला. तात्याबांना तर धरायला चकतीसुद्धा नव्हती. ते हात मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांची बोटं नखभर, नखभर फिरत होती.

"तात्याबा, चहा सांगू?" कपिल म्हणाला. या वेळी शब्द सुटे सुटे आले.

"बस. तिथंच. तुकड्याला... एकटं सोडू नये."

कपिल बसला. थोड्या वेळानं त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि तुकड्याकडं बघायला लागला, पडद्याकडं नव्हे. नवरात्र सरलं होतं, तरी डोंगराकडून दमट वारा आत येत होता. खिडकी लावू का, त्यानं विचारलं. दीक्षा म्हणाली, नको, राहू दे उघडी.

टक.

कपिलनंच अर्धे जुळवले. त्यानं मोजलं, आणि घरच्या माणसानं चारचौघांत काहीतरी बोलून टाकल्यावर बघावं, तसं आपल्या नव्याकोऱ्या यंत्राकडं बघितलं. "तीन," तो म्हणाला. "तीनच." मग तात्याबांकडं वळून हळूच विचारलं, की म्हणजे एवढे दिवस आपण तुकड्यांना बोलूच देत नव्हतो का? तात्याबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि टोमणा मारायची सुवर्णसंधी असूनही तो मारला नाही. म्हणाले, तुजंबी खरंच हुतं. घाईत इचारलं की तसं सांगतोय, सावकाश इचारलं की आसं.

दीक्षानं देवदत्त सरांना फोन लावला, आकडा सांगितला आणि बॉयलरचे भाग काही कुणी झटक्यानं ओढत नसतं, ते महिनोन्‌महिने ताणाखाली बसतात, तेव्हा हळू ओढणंच जास्त कामाचं, एवढं शुद्ध भाषेत धडाधड सांगून टाकलं. पलीकडून सर म्हणाले, तात्याबांना द्या.

तात्याबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"सर," ते म्हणाले. "ती थोरली..."

भुवई वर गेली. दीक्षा थांबली, कपिल थांबला. आणि पलीकडं सांगलीत, ज्यांनी आजवर तात्याबांचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, ते देवदत्त सर श्वास धरून गप्प उभे राहिले. बराच वेळ फोनमधून नुसती वर्कशॉपातली घरघर येत राहिली.

"...खरं बोलत हुती."